दुसरा कागद

आमच्याकडे शून्य मिळालं की पास आणि तीन मिळाले की नापास. एवढं एकदा डोक्यात बसलं की बाकी काम सोपं आहे, असं मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते. ते धादांत खोटं आहे, पण पहिल्याच दिवशी खरं सांगितलं तर माणूस टिकत नाही.

मी मक्याच्या मुळांना गुण देते. सव्वीस वर्षं झाली. लोक हसतात, मी हसू देते. ह्या मुळांना लागणारा भुंगेरा दिसायला तसा गोजिरवाणाच: पिवळं अंग, त्यावर काळे पट्टे, आकार तांदळाच्या दाण्याएवढा. तो वर कणसाचे केस खातो, मातीत अंडी घालतो आणि मरतो. राग यावा अशी आहे त्याची अळी. ती जमिनीखाली राहून मुळं खाते. वरून शेत हिरवंगार, ऐटीत उभं. मग एखाद्या दुपारी जरासा वारा सुटतो आणि धाटं रांगेनं आडवी होतात, कारण खाली धरून ठेवणारं काही उरलेलंच नसतं. पडलेली धाटं लगेच मरत नाहीत, हे त्यातलं वाईट. चार दिवसांनी ती शेंड्याकडून वाकून पुन्हा वर बघायला लागतात. मला ते बघवत नाही.

प्रयोगाच्या शेतात ही अळी मुद्दाम वाढू दिलेली असते. तिथे एकेका पट्ट्यात वेगवेगळी बियाणी पेरतात. मक्याला तुरे आले की प्रत्येक पट्ट्यातली दहा झाडं मुळांसकट खणून काढतात आणि नुसता नंबर लावून आमच्या शेडमध्ये पाठवतात. पाईपच्या पाण्यानं माती धुवायची आणि गुण द्यायचे. मक्याची मुळं धाटाभोवती कड्याकड्यांनी फुटतात, एकाखाली एक. एक अख्खं कडं कुरतडलेलं असेल तर एक गुण, दोन असतील तर दोन. मधले पाव, अर्धा, पाऊण नजरेनं जोखायचे.

एकाची नजर चुकते, म्हणून प्रत्येक मूळ दोघांनी बघायचं, दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहायचं आणि दुसऱ्याचा कागद बघायचा नाही. त्यासाठी शेडमध्ये दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवलेल्या, दोन्हींपुढे एकेक टेबल. मी खिडकीकडे तोंड करून, आणि आमचे हे भिंतीकडे. मी मूळ बघायचे, गुण लिहायचे आणि मूळ खांद्यावरून मागे द्यायचे. हे ते घ्यायचे, घशातल्या घशात ‘हं’ करायचे, आणि मग पेन्सिलीचा आवाज यायचा. आपला निम्मा संसार पाठमोराच झाला, असं मी म्हणायचे. म्हणूनच टिकला, असं हे म्हणायचे.

ह्यांना सगळे मास्तर म्हणत. माझ्यापेक्षा पाव गुणानं कडक. मुळावर तपकिरी व्रण दिसला की तो चावा धरायचे. मी मूळ तुटलं असेल तरच धरते. एवढा फरक चालतो. दोन कागदांत अर्ध्या गुणाहून जास्त फरक पडला तर मात्र खुर्च्या फिरवायच्या, समोरासमोर बसायचं, मूळ मध्ये ठेवायचं आणि एकमत होईपर्यंत उठायचं नाही. एवढ्या वर्षांत ती वेळ चारदा आली. चारही वेळा मी तावातावानं बोलले, आणि चारही वेळा ह्यांनी काही न बोलता मूळ फिरवून त्याची खाल्लेली बाजू माझ्याकडे केली. असल्या माणसाशी भांडण्यात काही मजा नसते.

गेल्या थंडीत हे गेले. सकाळी बाथरूममध्ये तोंड धुवायला गेले आणि नळ सुरूच. मी स्वयंपाकघरातून ओरडत होते, अहो, नळ बंद करा, पाणी काय फुकट येतं? चांगली दहा मिनिटं ओरडले. मग रागानं दार ढकललं. ज्या माणसावर मी डाफरत होते तो कधीच गेलेला होता. ह्या एका गोष्टीची मला अजून लाज वाटते, आणि ती कमी होईल असं दिसत नाही.

हंगाम सुरू झाला तेव्हा मुख्यबाईंनी मला बोलावलं. प्रयोगांचा सगळा कारभार त्यांच्याकडे. कुठल्या नंबरच्या पट्ट्यात कुणाचं बियाणं आहे ती यादीही त्यांच्याच कपाटात, कुलपात.

“दुसरा माणूस मागितलाय, पण ह्या महिन्यात काही येत नाही,” त्या म्हणाल्या. “तोवर गाडीवाल्याला बसवा.”

गाडीवाला म्हणजे शेतातून क्रेट आणणारा आमचा म्हातारा. माणूस सोन्यासारखा, पण ह्यांच्या खुर्चीत बसला आणि सगळ्या मुळांना दोन-दोन गुण देऊन मोकळा झाला.

“अहो, निदान बघा तरी,” मी म्हटलं.

“बघितलं की. सगळ्यांची सारखीच दाढी झालीय.”

दुसऱ्या दिवशी मी त्याला परत गाडीवर धाडलं आणि दुसरा कागदही मीच भरायला घेतला. मुख्यबाईंना सांगितलं नाही. लबाडी करायची म्हणून नव्हे. तो कोरा कागद मला सहन होईना, एवढंच. माझी दहा मुळं झाली की मी उठून ह्यांच्या खुर्चीत बसायचे, भिंतीकडे तोंड करून तीच मुळं पुन्हा बघायचे, आणि हे बघतील तशी बघायचे. व्रण दिसला की चावा. गुण बरोबर पाव-पाव चढे पडायचे. मला वाटलं, चला, एवढ्या वर्षांच्या सोबतीचा काही उपयोग झाला.

तिसऱ्या दिवशीची गोष्ट. भर दुपार, बाहेर लख्ख ऊन. मी तंद्रीत एक मूळ बघितलं, अर्धा लिहिला, आणि जुन्या सवयीनं मूळ खांद्यावरून मागे दिलं. हात रिकामा झाला. पुढचं मूळ उचलल्यावर माझ्या लक्षात आलं की आधीचं पडल्याचा आवाज आलाच नाही. धुतलेल्या मुळांचा ओला गड्डा चांगला जड असतो. फरशीवर पडला तर सगळ्या शेडला कळतं.

मी मान वळवली नाही. मागे बघायचं नाही हा आमचा नियमच, आणि त्या वेळी मला त्या नियमाचा फार आधार वाटला. बऱ्याच वेळानं धीर करून उठले. मूळ ह्यांच्या टेबलावर नीट ठेवलेलं होतं, धाट डावीकडे करून. मी उजवीकडे ठेवते. कागदावर गुण लिहिलेला होता. पाऊण.

घाबरले का? घाबरले. शेड उघडी टाकून पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभी राहिले. तिथे उभं राहून मी स्वतःची समजूत घातली की मीच उठून ठेवलं असेल, मीच लिहिलं असेल, वय झालं, दुःख आहे, माणसाला असं होतं. सगळं पटण्यासारखं होतं. मला एक अक्षर पटलं नाही. आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी मी कामावर अर्धा तास लवकर गेले.

त्यानंतर मी ह्यांच्या खुर्चीत बसले नाही. मूळ मागे द्यायचे आणि वाट बघायचे. हाताला आधी जरासा गारवा जाणवायचा, धुतलेल्या मुळाचा असतो त्याहून वेगळा, आणि ओझं जायचं. मग पेन्सिल. कधीकधी ‘हं’. संध्याकाळी दुसऱ्या कागदावर ह्यांचं तिरकं अक्षर, दोनाच्या आकड्याला लांब शेपूट. मी ह्यांना घरातल्या बातम्या सांगायला लागले. गच्चीची फरशी उखडलीय, डॉक्टरांनी माझी गोळी बदलली, तुमच्या धाकट्या भावाचा पुन्हा फोन नाही. उत्तर यायचं नाही, पण तशी उत्तरं हे जिवंतपणीही फारशी देत नसत. नळाबद्दल मात्र माझ्यानं बोलवलं नाही.

“तू हल्ली बरी दिसतेस, आई,” एकदा जेवताना मुलगी म्हणाली.

मुलगी आमच्या संस्थेतच, वरच्या इमारतीत बियाणं तयार करते. अळीनं खाल्लं तरी मुळं भराभरा परत फुटतील असा मका तिला काढायचाय. अकरा वर्षं त्यात घातली. त्यापायी लग्न लांबलं, मग मोडलं, मग तो विषय आमच्या घरात निघेनासा झाला. हे शेवटचं वर्ष होतं. पट्ट्यांबद्दल घरात बोलायचं नाही असा आमचा तिघांचा दंडक, पण त्या दिवशी तीच बोलली.

“ह्या वेळी अर्ध्या गुणाच्या आत आलं तर बी शेतकऱ्यांसाठी बाहेर पडेल. पुढची दहा वर्षं मी इथेच. नाही आलं तर मुख्यबाई प्रयोग बंद करणार.”

“मग तू काय करशील?”

“तिकडची जागा आहे ना. त्यांचं दोनदा पत्र आलंय. विमानानं चौदा तास.”

“चौदा तास म्हणजे काही फार नाही,” मी म्हटलं, आणि उठून भांडी आवरायला लागले. नळ मोठा सोडला, म्हणजे तिला माझा आवाज ऐकू जाऊ नये. एक माणूस दार बंद करून गेल्याला अजून वर्ष झालं नव्हतं. दुसरं गेलं तर त्या घरात मी कुणावर ओरडणार होते?

एकशे चौदा नंबरचा क्रेट आला तो मंगळवारी सकाळी. मी पाण्याचा पाईप धरला, माती ओघळली, आणि वरच्या कड्यातली मुळं जांभळट निघाली. माझा हात थांबला. गेल्या वर्षी तिनं गच्चीवर कुंड्यांत मका लावला होता. कुंडी उलटी केल्यावर अशीच जांभळट झाक दिसली होती, जवळजवळ फुलासारखी, आणि ती किती खूश झाली होती. ही मुळं मला ओळखू यायला नको होती. आली.

मी पाणी सोडत राहिले. आतलं दिसायला लागलं. दुसरं कडं जवळपास साफ. बोटभर लांबीची थोटकं, टोकं काळी पडलेली. वरच्या कड्यातही पोखरलेलं. एका मुळात अळी अजून होती, पांढरी, दोऱ्याच्या तुकड्याएवढी, डोकं तपकिरी. उजेड लागला तशी ती आत सरकली. नवी मुळं फुटली होती, नाही असं नाही, पण अळीनं तीही सोडली नव्हती. माझ्या हिशेबानं सव्वा गुण. दहाच्या दहा झाडांची तीच गत, कुठे एक, कुठे दीड.

मी माझ्या खुर्चीत बसले आणि पाव लिहिला.

दुसऱ्यालाही पाव. तिसऱ्याला अर्धा, म्हणजे खरं वाटेल. माझं अक्षर नेहमीसारखंच आलं, हे बघून मला स्वतःचंच नवल वाटलं. आयुष्यभर ज्या हातानं एकाही मुळाला भीक घातली नाही तो हात असा सरावल्यासारखा खोटं लिहीत होता. आणि मुळं मी मागे दिली नाहीत. सगळी माझ्याच टेबलावर ठेवली, वर ओलं पोतं टाकलं, आणि उठून ह्यांच्या टेबलावरचा कागद घेऊन आले. तोही मीच भरला. सगळीकडे अर्धा. ह्यांचं तिरकं अक्षर काढलं, दोनाची शेपटी लिहायची वेळ आली नाही.

भरत असताना मागची खुर्ची करकरली.

“गप्प बसा,” मी मोठ्यानं म्हटलं. “तुम्हाला काय जातंय? तुम्ही गेलात. मला राहायचंय इथे.”

दोन्ही कागद पेटीत टाकले, मुळं गार खोलीत ठेवली, आणि घरी आले. त्या रात्री मी चांगली झोपले, हेही सांगून टाकते.

सकाळी मुख्यबाईंनी बोलावलं. टेबलावर माझे दोन कागद शेजारी शेजारी ठेवलेले.

“तुमचा गाडीवाला फारच कडक निघाला हो,” त्या म्हणाल्या.

मी वाकून बघितलं. दुसऱ्या कागदावर दीड, पावणेदोन, दीड, सव्वा, दीड. असे खालपर्यंत दहाही मुळांचे आकडे, तिरके, शांत. रबरानं खोडल्याची एक खूण नाही. कागद उजेडात धरला तर माझ्या अर्ध्यांचा ओरखडाही नव्हता.

“एवढा फरक म्हणजे समोरासमोर बसायला हवं,” मुख्यबाई म्हणाल्या. “आजच बसा दोघं. ह्या पट्ट्याची मला घाई आहे.”

शेडमध्ये गेले आणि दार आतून लावलं. क्रेट बाहेर काढला. मग एक टेबल बाजूला सारून दुसरं मध्ये ओढलं आणि खुर्च्या फिरवल्या. माझी सहज फिरली. ह्यांची जड लागली, पण ओलसर फरशीवर खुर्च्या जड लागतातच, असं मी मनाशी म्हटलं. मी माझ्या खुर्चीत बसले. समोरची रिकामी होती. काही दिसेल असं वाटलं होतं, निदान सुरकुतलेला शर्ट तरी. नुसती खुर्ची, पाठीच्या दोन पट्ट्या, आणि त्यांच्यामधून दिसणारी ओल आलेली भिंत.

पहिलं मूळ मध्ये ठेवलं. ठेवताना त्याची बरी बाजू माझ्याकडे केली, जिकडे नवी मुळं फुटली होती ती.

“पाव,” मी म्हटलं.

पाईपच्या तोंडातून पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज.

“पाव,” मी पुन्हा म्हटलं. “अहो, अकरा वर्षं. तुम्हीच तिला मुळं बघायला शिकवलंत. सहा वर्षांची होती, तुमच्या गुडघ्यावर बसून मोजायची. जाईल ती. चौदा तास. तुम्ही तर निरोपही न घेता गेलात, मी तिकडे ओरडत राहिले. नळ बंद करा, नळ बंद करा. तुम्ही ऐकलंत का हो ते? शेवटचं तेच ऐकलंत का?”

बोलता बोलता मला रडू फुटलं. एप्रनला डोळे पुसले. एप्रन चिखलाचं, डोळ्यांत माती गेली, ते धुवायला पाईपपाशी गेले आणि परत आले. दोन पावलांचं अंतर. मूळ फिरलेलं होतं.

खाल्लेली बाजू माझ्याकडे होती. काळी थोटकं, पोखरलेली भोकं, सगळं स्पष्ट. धाट डावीकडे.

मी त्या मुळाकडे बघत बसले. भीती वाटली नाही, ओळख पटली. ह्यांनी कधी मला तू खोटं बोलतेस असं म्हटलं नव्हतं. आताही म्हटलं नाही. अशीच खाल्लेली मुळं सगळ्यांच्या शेतात जाणार होती, हे मला त्या क्षणी कळलं. माझ्या पावावर बी बाहेर पडलं असतं, कुणी तरी ते शेतभर पेरलं असतं, ऐन भरात वारा आला असता, आणि आडव्या झालेल्या धाटांमध्ये उभं राहून लोकांनी माझ्या मुलीचं नाव घेतलं असतं. तिची अकरा वर्षं मी वाचवत नव्हते. मी ती मातीत घालत होते.

“सव्वा,” मी म्हटलं.

समोरून ‘हं’ आला. इतका हळू, की पाण्याचा थेंब पडला असता तर ऐकू आला नसता.

दहाही मुळं तशीच एकेक करून झाली. नियमाप्रमाणे एकमताचा आकडा वेगळ्या कागदावर लिहिला. शेवटचं मूळ झालं, मी सही केली, वर बघितलं, आणि समोरची खुर्ची नुसती लाकडी होती. आधीही लाकडीच होती, पण आता ती कुणाची नव्हती. काहीतरी गेल्याचं अंगाला कळलं. त्या सकाळी बाथरूमचं दार ढकलल्यावर कळलं होतं, तसंच.

मी कागद घेऊन मुख्यबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. गाडीवाला बसत नव्हता, मूळ कुणाचं ते मला ओळखू आलं होतं, मी मुद्दाम पाव दिला होता. फक्त दुसरा कागद कुणी भरला ते सांगता येईना.

“तोही तुम्हीच भरलात म्हणा की,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी तो कागद पुन्हा हातात घेतला. मास्तरांचं अक्षर त्यांनी वीस वर्षं बघितलं होतं. बराच वेळ बघत राहिल्या, शेवटी तो फाईलमध्ये घातला आणि फाईल कपाटात ठेवून कुलूप लावलं. “ह्या पट्ट्याचा निकाल आज लावून टाकू. आणि खणलेली बाकीची सगळी मुळं पुन्हा तपासायची, दुसरा माणूस बसवून. तुमच्या मुलीचे पट्टे संपले, आता तिला बसवायला हरकत नाही. तिच्याइतकी शिकलेली नजर इथे कुणाचीच नाही.”

म्हणून दुपारी मुलगी शेडमध्ये आली. तिला वर सगळं कळलेलं होतं. तिनं एकशे चौदाचा क्रेट उघडला, मूळ काढलं, उजेडात धरलं, नखानं एक थोटकं दाबून बघितलं.

“दीड,” ती म्हणाली.

“सव्वा,” मी म्हटलं.

“व्रण आहेत, आई. व्रण धरायचे असतात.”

तिनं मूळ क्रेटमध्ये ठेवलं, हात धुतले, आणि खुर्च्या पुन्हा पाठीला पाठ लावून ठेवल्या. ती भिंतीकडे तोंड करून बसली. मी खिडकीकडे. मी पहिलं मूळ बघून मागे दिलं. तिचा हात गरम होता. तिनं ते ओढूनच घेतलं, आणि मला कळलं की ती रागावलीय.

सात-आठ मुळं अशीच गेली.

“मी नापास होईन म्हणून दिला नाहीस तू पाव,” ती मागून म्हणाली. “मी जाईन म्हणून दिलास.”

“हो.”

“मग तसं म्हणायचं होतंस. राहा म्हणायचं होतंस. एकदा तरी तोंडानं म्हणायचं होतंस.”

खिडकीबाहेर गाडीवाला रिकामे क्रेट एकात एक बसवत होता. मी त्याच्याकडे बघत होते, कारण वळून तिच्याकडे बघायचा नियम नव्हता, आणि असता तरी माझ्यानं झालं नसतं.

“राहशील का?” मी विचारलं.

मागची पेन्सिल थांबली. ती विचार करतेय हे मला तिच्या पाठीवरून कळत होतं, खुर्चीच्या पट्ट्यांमधून. पटकन काही तरी बरं वाटेल असं बोलून टाकणारी ती नाही. तिनं सगळं नीट बघून घेतलं असणार, अकरा वर्षं, रिकामं घर, मी, आणि मग आकडा सांगावा तसं सांगितलं.

“नाही,” ती म्हणाली. “पुढचं दे.”

मी पुढचं मूळ उचललं.